बाटलीतला पाऊस : तिसरी-चौथीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

16 जून, सोमवार

शाळा भरली. प्रवेशोत्सवात पहिलीच्या पाच पोरांना फूल, पुस्तकं आणि वाटीभर लापशी. दोघांनी रडून घेतलं. ओवीने आल्या आल्या खडू चाटून बघितला आणि परत जागेवर ठेवला. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तिसरीत आठ, चौथीत नऊ. खोली एक, फळे दोन.

गाव पाटण तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या पोटात. पावसाळाभर इथं मैदान खिडकीतूनच बघायचं. गेल्या वर्षी परिसर अभ्यासाच्या चाचणीत 'आपल्या गावात पाऊस किती पडतो?' असा प्रश्न मीच काढला होता. एकाने उत्तर लिहिलं : 'लय'. चूक म्हणावं तर माझ्याकडे तरी कुठं आकडा होता? अर्धा मार्क दिला. यंदा तो आकडा काढायचा.

कोयनेच्या धरणात 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावतं, हे इथल्या पोरांना घरात ऐकून ऐकून पाठ आहे. टीएमसी म्हणजे काय विचारलं तर 'धरणाचं माप'. तिथवर जायचं तेव्हा जाऊ. आधी बाटली.

17 जून, मंगळवार

लग्नसराईच्या कृपेने थंड पेयाच्या दोन लिटरच्या चार बाटल्या मिळाल्या. खांद्याखाली बाटली जिथं सरळ होते तिथं कापायची आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. कापायचं काम माझ्याकडे. सुरी तापवून घेतली, तरी एक बाटली वाकडीच गेली.

आरुषने बाटली उलटी धरून बूड बघितलं. "सर, हिला पाच पाय हायत. पयला पाऊस पायातच जिरणार." बरोबर होतं. बूड सपाट नसेल तर पहिल्या थोड्या पाण्याची उंची काही सांगत नाही. शेजारी घराची डागडुजी चालली होती. गवंड्याकडून थापीभर सिमेंट आणलं, खाली बारीक खडी, वर सिमेंट, आणि पाण्याच्या पातळीनं वरचा भाग सपाट करून घेतला. बाटली जड झाली हा वरचा फायदा.

मग पट्टी. तिसरीच्या गटाने पट्टीचं टोक सिमेंटला टेकवून चिकटवलं. पण पट्टीचं टोक म्हणजे शून्य नव्हे, शून्याआधी चार मिलीमीटर कोरी जागा असते. हे सतरापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही बऱ्याच उशिरा आलं. चिकटपट्टी पावसात टिकणारही नव्हती. शेवटी तापवलेल्या दाभणाने बाटलीवरच रेघा ओढल्या, 0 ते 150. त्याच्या वर बाटली भरून वाहणार.

20 जून, शुक्रवार

पहिलं माप : 118. वर्गात आरोळी. सुविचाराच्या जागी फळ्यावर 118 लिहिलं गेलं.

मी विचारलं, ओढ्याला पाणी चढलंय का? नाही. खाचरांत? घोट्याएवढंही नाही. मग 118 आले कुठून? दहा मिनिटं तर्क चालले, एकाने म्हशीवरही आळ घेतला. तन्वी बाहेर गेली, बाटलीपाशी उभी राहिली आणि डोकं भिजवून परत आली. बाटली पत्र्याच्या पागोळीखाली ठेवलेली. आम्ही आमच्या छपराचा पाऊस मोजत होतो.

118 पुसलं. माऊलीला वाईट वाटलं, "एवढा मोठा आकडा परत कदी मिळायचा?"

छपराची उंची जेवढी, तिच्या निदान दुप्पट लांब बाटली ठेवायची असं ठरवलं आणि मैदानाच्या मध्यात नेली. भोवती चिव्याच्या काठ्यांचं कुंपण. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आमचाही साडेआठला. समर्थ आणि तन्वी शाळेच्या मागेच राहतात, माप त्यांनी घ्यायचं. खरी सुरुवात सोमवारपासून.

24 जून, मंगळवार

समर्थ म्हणतो 34, तन्वी म्हणते 31. बाटली तीच, पाणी तेच, मधे पाच मिनिटंही नाहीत. दोघांत भांडण व्हायची वेळ. मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं आणि नुसता बघत राहिलो. समर्थ उभ्यानं वाकून वाचतो, तन्वी चिखलात उकिडवी बसते.

मग सतराही जणांना रांगेने एकदा उभं राहून आणि एकदा बसून वाचायला लावलं. डोळा पाण्याच्या रेघेशी आला की सगळ्यांचं उत्तर 31 च्या आसपास. खिचडी निवली, पण हा तास मी सोडणार नव्हतो. पाठ्यपुस्तकातलं मोजमाप नेहमी बरोबरच असतं. चित्रातल्या पेन्सिलीचं टोक नेमकं सातवरच येतं. असं भांडण तिथं होत नाही.

नवा नियम पोरांनीच केला : दोघांनी वाचायचं, एकमेकांना न दाखवता पाटीवर लिहायचं, मग पाट्या जुळवायच्या.

आरुषचा प्रश्न : "हा पाऊस कालचा धरायचा का आजचा?" आजच्या तारखेला लिहायचा, पण तो काल साडेआठपासूनचा आहे, असं ठरलं. त्याला ते पटलेलं नाही.

30 जून, सोमवार

तक्त्यात रविवारचा रकाना कोरा. समर्थ मामाकडे, तन्वी विसरली. आज सकाळी बाटलीत 52.

तिसरीतला श्रेयस म्हणाला रविवारी शून्य लिहू. तन्वी म्हणाली रविवारी तर धो धो होता. मग तो पाऊस गेला कुठं? बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्ञानेश्वरी, जी एरवी हजेरीलाही पुटपुटते, ती म्हणाली, "सोमवारच्या बाटलीत हाय की." दोन दिवसांचा पाऊस मिळून 52. रविवारचा किती आणि सोमवारचा किती ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण बेरीज कुठं गेलेली नाही. दोन्ही रकान्यांना मिळून कंस घातला.

आजवर 163 मिलीमीटर.

1 जुलै, मंगळवार

आलेख वहीत काढायचा बेत होता. त्यापेक्षा बरं सुचलं. जेवढा पाऊस तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी : 31 मिलीमीटर पाऊस, 31 मिलीमीटर पट्टी. जुन्या लग्नपत्रिका कापल्या. कागद जाड, रंग भडक, खर्च शून्य. पट्ट्या एकावर एक चढवत जायच्या, म्हणजे एकूण पाऊस उभा दिसेल. भिंतीला ओल आहे, खळ धरत नाही, म्हणून एक लांब फळी फळ्याशेजारी उभी केली. सगळ्यात खाली 'चि. सौ. कां.' आलंय आणि त्यावर कुणाच्या तरी हळदीची तारीख.

फळीवर पोरांनी आपापल्या उंचीच्या खुणा केल्या. बाईंच्या वर्गातली ओवीही आली, 106 सेंटिमीटर, सगळ्यात खालची खूण. सगळ्यात वर माझी, 168. पाऊस आज ओवीच्या पोटरीपर्यंत.

3 जुलै, गुरुवार

शेरडू कुंपणात घुसलं. बाटली आडवी, पाणी सांडलेलं. काल दुपारभर भुरभुर होती आणि रात्री कुणी जागं नव्हतं. श्रेयसने 20 लिहायचा आग्रह धरला, "अंदाजे". त्याचा अंदाज बरोबरही असेल. पण मग पाट्या जुळवायच्या कशाला? रकान्यात 'सां' लिहिलं, सांडला.

5 जुलै, शनिवार

सकाळची शाळा. उद्या आषाढी, म्हणून आज गावातून दिंडी. विठोबा आरुष, रुक्मिणी ज्ञानेश्वरी. माप घ्यायला रुक्मिणीच बसली, पदर चिखलात. एकूण 236.

8 जुलै, मंगळवार

समर्थची आजी पोषण आहाराचे तांदूळ निवडायला आली होती. फळीकडे बघून म्हणाली, "ह्यो तरणा पाऊस चाललाय. ह्याच्या मागनं म्हातारा यील." पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. पुढं मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. आजींना बाकावर बसवलं आणि तास त्यांच्याकडे दिला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा ही नावं तिसरीच्या पोरांनी दिनदर्शिकेत शोधली. साधारण दोन आठवड्यांचं एक नक्षत्र.

पोरांनी पैज लावली, तरण्याचा पाऊस जास्त पडणार की म्हाताऱ्याचा. सगळी तरण्याच्या बाजूने. एकटी ज्ञानेश्वरी म्हाताऱ्याकडे. "आमचा आजा लय बोलतो," एवढंच कारण.

14 जुलै, सोमवार

गेला आठवडा माहिती भरण्यात गेला. आधारची जुळणी, गणवेशाची मापं, वर्गखोलीचे फोटो, आणि डोंगराआड सापडेना ते नेटवर्क. नोंदी तक्त्यात आहेत, इथं नाहीत.

आज दोन गोष्टी. माऊलीने भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद आणला. त्यात जिल्ह्यातल्या पावसाचा तक्ता. महाबळेश्वरचा आकडा आमच्या दुपटीहून मोठा, आणि माण तालुक्यातल्या दहिवडीपुढे 0. जिल्हा एकच, सातारा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस, आणि पूर्वेकडच्या माणला पाचशेही धड नाही. डोंगर ढगाला अडवतो, पाणी अलीकडे पडतं आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो, हे फळ्यावर चित्र काढून सांगितलं. माऊलीचा प्रश्न वेगळाच : "दहिवडीत शून्य म्हंजी पाऊस न्हाय का बाटली सांडली?" उत्तर वर्गावर सोडलं. सांडली असती तर शून्य लिहिलं नसतं, असं बहुमताने ठरलं.

दुसरी गोष्ट घमेल्याची. चौथीची अर्धी पोरं अजून ठाम आहेत की भांडं मोठं घेतलं तर पाऊस जास्त मोजला जाईल. समजावून झालं, उपयोग नाही. म्हणून मधल्या सुट्टीआधी पेला, सरळ डबा, सरळ उभं पिंप, घमेलं आणि अरुंद तोंडाचा तांब्या ओळीने मैदानात ठेवले. सर चांगली लागली. दीड तासाने पट्टी बुडवून उंची घेतली. पेला 13, डबा 12, पिंप 13. पिंपाजवळ सगळी पोरं गोळा झाली. एवढं मोठं पिंप आणि पेल्याएवढंच? समर्थने दोनदा मोजलं. घमेल्यात 21, तांब्यात जेमतेम 3.

का? "घमेल्याचं तोंड मोठं, बूड बारीक. वरनं लय घेतंय आन् खाली दाटीवाटीनं बसवतंय," आरुष. तांब्याचं उलटं. सरळ भांड्यात जेवढं तोंड तेवढंच बूड, म्हणून ते लहान असो की मोठं, उंची तीच. मिलीमीटर म्हणजे पाण्याचं ढीगभर माप नव्हे, उंची. हे वाक्य मी तीन आठवडे सांगत होतो. आज फळ्यावर लिहायची गरज पडली नाही.

18 जुलै, शुक्रवार

चौथीचा गुणाकार. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वर्गाचं छप्पर 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद; 72 चौरस मीटर. दहा मिलीमीटर पावसात 720 लिटर. पोरांनी आधी गुणाकार चुकला असं धरलं, कारण शाळेची काळी टाकी 500 लिटरची, आणि एप्रिलमध्ये तिच्यासाठी हीच पोरं आयांबरोबर विहिरीवरून कळशा आणतात. पागोळ्यांकडे बघत माऊली म्हणाला, "म्हंजी टाकी भरून सांडतीय रोज." छपराला पन्हळ नाही. पन्हळीसाठी अर्ज केलेला आहे, त्याचं पुढं काय झालं ते पावसालाच माहीत.

28 जुलै, सोमवार

पाऊस ओवीच्या डोक्यावरून गेला. एकूण 1,071 मिलीमीटर, ओवी 1,060. तिला बोलावून फळीशी उभं केलं. तिने वर बघितलं, डोक्यावरच्या पिवळ्या पट्टीला हात लावला आणि विचारलं, "मग मी बुडले का?" आमच्या वर्गाने हो म्हणून सांगितलं. ती रडायला लागली. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की तास तिथंच आवरला. दुपारी चौथीच्या पोरींनी तिला समजावलं की पाणी वाहून जातं, सगळं एका जागी साचलं तरच बुडशील. पाणी जातं कुठं, या तिच्या पुढच्या प्रश्नाने त्या ओढा, नदी, कोयना, धरण अशा गेल्या. परिसर अभ्यासाचा धडा पहिलीच्या पोरीने काढून घेतला.

4 ऑगस्ट, सोमवार

पैजेचा निकाल. 5 जुलैला एकूण 236, 19 जुलैला 596, 2 ऑगस्टला 1,187. वजाबाकी चौथीने केली, पडताळा तिसरीने घेतला. तरणा 360, म्हातारा 591. ज्ञानेश्वरी जिंकली. पैज बोरकुटाची होती. बोरकूट या दिवसांत मिळेना, चिंचेवर भागवलं. समर्थने आजीला निकाल सांगितला तर ती म्हणाली, "आकडं तुमचं. तरणा एकदम येतो न् जातो. म्हातारा बसून ऱ्हातो." आजीच्या म्हणण्यात आणि आमच्या तक्त्यात भांडण नाही, हे नंतर तक्ता पुन्हा बघताना दिसलं. तरण्याच्या पंधरवड्यात तीनच दिवस 50 च्या वर आणि बाकी चिल्लर. म्हाताऱ्याचे सगळे दिवस भरलेले.

6 ऑगस्ट, बुधवार

उघडीप. खाचरात तणाची बेणणी चालू, त्यामुळे चार पोरं गैरहजर. माप घ्यायची पाळी तिसरीच्या स्वरालीची. तिने रकाना कोरा सोडला. का, तर "पाऊसच न्हाय, काय लिहू?"

मी बोलायच्या आत श्रेयस, होय, तोच रविवारी शून्य लिहा म्हणणारा, उठून फळ्यापाशी गेला. "तू बाटली बघायला गेलतीस ना?" गेले होते. "रिकामी होती ना?" होती. "मग शून्य लिही. कोरं म्हंजी गेलोच न्हाय." आणि तिच्या हातातला खडू घेऊन स्वतःच मोठ्ठं 0 काढलं.

पट्टी मात्र शून्याची कापता येईना. स्वरालीने फळीवर नुसती पेन्सिलीची रेघ मारली.

12 ऑगस्ट, मंगळवार

वरून भेट. साहेबांनी वाचन घेतलं, पाढे घेतले, आहाराची चव बघितली. फळीपुढे थांबले, प्रकल्प छान म्हणाले. मग तक्ता बघून माझ्याकडे वळले, "हे रकाने कोरे कशाला ठेवलेत गुरुजी? अपूर्ण दिसतं. सोमवारचं निम्मं निम्मं करून टाका. आणि हे 'सां' काय आहे? तिथं सरासरी घाला, फोटोत चांगलं दिसेल."

मी 'बघतो' म्हणालो. नोकरी करणारा माणूस असंच म्हणतो. पण समर्थ पुढच्याच बाकावर. "सर, मोजलं न्हाय ते लिवायचं न्हाय, असं ठरलंय."

साहेब हसले, त्याला नाव विचारलं, गाल ओढला. शेरेबुकात 'तक्ते अद्ययावत ठेवावेत' असं लिहून गेले. रकाने आहेत तसेच आहेत.

16 ऑगस्ट, शनिवार

काल झेंडावंदन. चौथीच्या गटाने गावापुढे आकडे वाचून दाखवले. 1,318. सरपंचांनी विचारलं, म्हणजे किती टीएमसी? मी उत्तर देणार तोच आरुष म्हणाला, आधी गावाची लांबी-रुंदी सांगा. आजपासून मघा, म्हणजे सासवांचा पाऊस.

20 ऑगस्ट, बुधवार

सासवांनी सुरुवात केली. सोमवारी 58, काल 92. काल संध्याकाळीच शाळांना सुट्टीचा निरोप आला. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली, मी पलीकडे. पोरांना बाटलीकडे जाऊ नका म्हणून फोन केला. तरी पावणेनऊला समर्थच्या वडलांच्या फोनवरून फोटो आला. वडील स्वतः छत्री धरून उभे, समर्थ बाटलीशी उकिडवा. बाटली काठोकाठ, वरून वाहतेय.

22 ऑगस्ट, शुक्रवार

शाळा उघडली. हजर अकरा. पहिला प्रश्न बुधवारच्या रकान्याचा. 150 लिहावं तर खोटं, कारण वाहून किती गेलं माहीत नाही. कोरं सोडावं तर तेही खोटं, कारण 150 तर पडलाच. तन्वीने गणिताची वही उघडून > दाखवलं. हे चिन्ह तिसरीपासून ती 7 आणि 5 च्या मधेच काढत आलीय. रकान्यात '> 150'. पट्टी 150 ची आणि टोकाला वर जाणारा बाण.

ज्ञानेश्वरी : "मग एकूण बी 'पेक्षा जास्त'च लिवायला पायजे." सगळ्यांनी मान डोलावली. जरा वेळाने तीच : "न्हाय सर. 'सां'च्या दिवसापासनंच लिवायला पायजे होतं." दीड महिना आम्ही सगळे नुसतं एकूण लिहीत होतो, मी धरून. तारीख 3 जुलैपर्यंत मागे जाऊन प्रत्येक एकूण बेरजेपुढे > काढायला दोघं बसवले.

कालचे 21, आजचे 6. एकूण > 1,669. माझी उंची 1,680. समर्थने मला फळीशी उभं केलं आणि बाकावर चढून पट्टी धरली. बाणाचं टोक माझ्या केसांत. "सर, अकरा मिलीमीटर कमी. तुम्ही बुडालेलाच असणार, पण लिवता येत न्हाय."

उद्या सकाळची शाळा. बाटली रिकामी करून ठेवली आहे.